नाकारलेला अकरा नंबरचा कप

कॅमेरा जरा जवळ आणाल का? माझ्या हातात हा कप आहे. बाहेरून मधासारखा तपकिरी, कानाच्या बाजूला मात्र हिरवट राखाडी, आणि काठाखाली एक ओघळ येऊन थांबलाय. आता तो पालथा करतो. तळाला लाल मार्करनं फुली आहे आणि शेजारी ११ आकडा. ती फुली माझी आणि आकडाही माझाच. हा मी नाकारलेला अकरावा कप.

मी लष्करात ईएमई कोअरमध्ये होतो, म्हणजे तोफा, रणगाडे, गाड्या, रडार यांची दुरुस्ती करणारी माणसं. मूळचा साताऱ्याकडचा. शेवटच्या काही वर्षांत बडोद्याच्या ईएमई स्कूलला पोस्टिंग झालं. पत्नीचं माहेर बडोद्यातच, दांडिया बाजारात, म्हणून निवृत्तीनंतर इथेच राहिलो. बडोद्यातल्या मराठी माणसाला मराठी पुस्तक मिळतं, श्रीखंडही मिळतं आणि सकाळी फाफडाही मिळतो. तक्रारीला जागा नाही.

२०२३ साली आमच्या कोर्सला कमिशन मिळून चाळीस वर्षं झाली. ईएमईचा कोअर डे १५ ऑक्टोबरला असतो, १९४३ साली त्या तारखेला कोअर उभी राहिली. त्या दिवशी सगळे कोर्समेट बडोद्यात जमणार होते. भेटवस्तूची जबाबदारी माझ्यावर आली. पितळी ढाली सगळ्यांच्या घरी ढिगानं पडल्यात, म्हणून मी म्हटलं, इथल्याच कुंभाराकडून हातानं केलेले कप देऊ. अठ्ठेचाळीस कप.

शहराबाहेर एक कुंभार राहतात. मी त्यांना नुसतं भाई म्हणतो आणि आजही तेवढंच म्हणणार आहे, तशी त्यांची इच्छा आहे. पिढीजात कुंभार. वडील माठ, कुल्हड, पणत्या आणि नवरात्रातले गरबे करतात. आता गरबा म्हटलं की बाहेरच्या लोकांना नाच आठवतो. पण गरबो म्हणजे मुळात ते भोकं पाडलेलं मडकं, आत दिवा ठेवतात, आणि बायका त्याच्याभोवती फेर धरतात. भाई तरुणपणी एका स्टुडिओत माती मळायला म्हणून लागले आणि तिथे स्टोनवेअर शिकले. माठाची माती साधारण सातशे ते नऊशे अंशांवर भाजतात. ती सच्छिद्र राहते, पाणी पाझरून वाफ होते, म्हणून माठातलं पाणी गार. स्टोनवेअर बाराशेच्या वर जातं, माती आवळून दगडासारखी होते, पाझरत नाही. भाईंनी स्वतःचं चाक घेतलं, गॅसची छोटी भट्टी बांधली.

बडोद्याला याची सवय आहे. इथल्या ललित कला शाखेत ज्योत्स्ना भट्ट यांनी कितीतरी वर्षं सिरॅमिक्स शिकवलं. २०२० मध्ये त्या गेल्या. त्यांच्या मांजरी, बेडूक, कमळाच्या कळ्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. बेडूक बसलेला असतो, पण आत्ता उडी मारेल अशी त्याची पाठ असते. बेडकाकडे तासन् तास बघितल्याशिवाय ती पाठ येत नाही.

निसर्गातून प्रेरणा घेतलेली भांडी म्हणजे कपावर फूल काढलेलं असणार, अशी माझी समजूत होती. भाईंच्या एकाही भांड्यावर फूल नाही. पिंपळाचं पान मातीवर दाबून ठसा घेतात ना, ते त्यांना मुळीच आवडत नाही. म्हणतात, हे तर लहान पोरसुद्धा करेल. त्यांच्या फळीवर बहाव्याची शेंग, शिरीषाची शेंग, सुगरणीचं पडलेलं घरटं, वाळलेला दुधी अशा वस्तू असतात. दुधीचा गळा जिथे फुगायला लागतो ती रेघ त्यांच्या सुरईत आहे. चहादाणीच्या झाकणाची मूठ म्हणजे वडाचं पिकलेलं फळ, तेवढंच आणि तसंच जरा चेपलेलं. कपाचा कान वर जाड, खाली निमुळता, कारण फांदी खोडातून अशीच निघते. एका थाळीचा झिलईचा थर मुद्दाम जाड दिलाय, तो भट्टीत आकसून फुटलाय, मे महिन्यात विश्वामित्रीच्या काठचा चिखल फुटतो तसा. विश्वामित्री ही आमची नदी, शहराच्या मधून वाहते आणि तिच्यात मगरी आहेत. पाहुण्यांना हे खरं वाटत नाही.

तर ऑर्डर. त्यांनी साडेतीनशे रुपये कप सांगितला. मी घासाघीस करून दोनशे ऐंशीवर आणला आणि घरी येऊन फुशारकीनं सांगितलं. बायको म्हणाली, "अहो, बुटाला चार हजार देताना तोंड उघडलं नव्हतंत." मी ऐकलं नाही.

भाईंनी तेव्हाच सांगितलं होतं, "साहेब, बद्धा एक सरखा नहीं थाय." सगळे एकसारखे होणार नाहीत. मला वाटलं, कारागीर असंच बोलतात. मी कागदावर रेखाचित्र काढून दिलं. उंची ९५ मिलिमीटर, तोंडाचा व्यास ८२, फरक वर-खाली दोन मिलिमीटर चालेल, रंग मधाचा. खाली सही केली.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कप तयार झाले. मी गेलो तो खिशात व्हर्नियर कॅलिपर घेऊन. आमच्या वर्कशॉपमध्ये गो, नो-गो गेज असायचं. भाग गेजमध्ये बसला तर आत, नाही बसला तर बाहेर, चर्चा नाही. तसंच केलं. टेबलावर कप मांडले, एकेक मोजला. चार मिलिमीटर उंच, बाहेर. एका बाजूला हिरवा पडलाय, बाहेर. ओघळ आलाय, बाहेर. तळाला लाल फुली आणि नंबर. एकोणीस बाहेर काढले. एकोणतीस कपांचे आठ हजार एकशेवीस रुपये मोजून दिले आणि वर सांगितलं की क्वालिटी कंट्रोल शिकून घ्या. भाई काही बोलले नाहीत. कप वर्तमानपत्रात गुंडाळून दिले, खोकं गाडीत ठेवायला मदत केली.

उरलेल्या एकोणीस जणांना आम्ही पेनांचे सेट दिले. मेळावा छान झाला. पंधरा दिवसांनी एका कोर्समेटचा पुण्याहून फोन आला. विचारतो, "माझ्या कपाच्या तळाशी जरा हिरवी झाक आहे. बाकीच्यांच्याही आहे का?" मी म्हटलं, "नाही, तुझ्याच असेल, माझ्या नजरेतून सुटली." तो खूश झाला. मला कळेना, खूश कशाला झाला.

पुढचं वर्ष. २०२४ च्या ऑगस्टच्या शेवटी बडोद्यात विश्वामित्रीला मोठा पूर आला, टीव्हीवर तुम्ही पाहिला असेल. वस्त्यांमध्ये पाणी, रस्त्यावर मगरी. पूर ओसरल्यावर, नवरात्राच्या आधी, पत्नीनं गरबो आणायला मला एका कुंभारवाड्यात नेलं. ओसरीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मागे गरबे होते, पण मोजकेच, पंधरा-वीस. हिनं विचारलं, "बापा, एवढेच?"

म्हातारबाबा म्हणाले, कच्चे गरबे सगळे वाळत ठेवले होते, पाणी आलं. न भाजलेलं मडकं पाण्यात फुटत नाही हो, ते विरघळतं. पाणी उतरलं तेव्हा अंगणात नुसती माती होती, आणि नदीनं आणलेला गाळ. कुठली आपली आणि कुठली नदीची, तेही कळेना. मग म्हणाले, गेलं वर्षही असंच गेलं. मोठा मुलगा सिझनला दरवर्षी घरी येतो, चाकावर तोच बसतो, माझे खांदे आता चालत नाहीत. पण गेल्या वर्षी कोणा मिलिटरीवाल्या साहेबांचं काम घेऊन बसला, दीड महिना आलाच नाही. आणि त्या साहेबांनी अर्धा माल परत केला.

अर्धा नव्हता, एकोणीस. पण हे मी बोललो नाही. मी काहीच बोललो नाही. हिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पर्स उघडली. म्हातारबाबांनी गरबो फडक्यानं पुसून दिला.

त्या घराचे दोन सिझन गेले. एक विश्वामित्रीनं नेला, एक मी.

दुसऱ्या दिवशी पाकीट घेऊन भाईंकडे गेलो. हिशेब करून गेलो होतो, सवय जात नाही. एकोणीसपैकी दोन कपांना कानाच्या जोडाजवळ खरोखर तडा होता, ते नाकारणं बरोबरच होतं. सतरा माझ्याकडे लागतात. सतरा गुणिले दोनशे ऐंशी, चार हजार सातशे साठ. भाईंनी पाकीट उघडलंही नाही. "जूनो हिसाब छे साहेब, जवा दो." जाऊ द्या. मी वडिलांचं बोललो तेव्हा मान खाली घालून मातीच करत राहिले. मी आग्रह केला तसे जरा कडक आवाजात म्हणाले, "मी ऑर्डर घेतली, मी कबूल केलं, ते माझं काम होतं." मग मी विचारलं, कप कुठे आहेत? म्हणाले, नाक्यावरच्या चहावाल्याला दिले, वीस रुपयांना एक.

नाक्यावर गेलो. चहावाल्याकडे सात शिल्लक होते, बाकी फुटले किंवा लोकांनी पळवले. त्यानं मला चहा दिला तो योगायोगानं याच कपात, अकरा नंबर. मी ओघळामुळे काढून टाकलेला. कप धरल्यावर अंगठा बरोबर त्या ओघळावर येतो आणि टेकतो. दीडशे रुपये देऊन मी तो विकत घेतला. चहावाल्यानं घासाघीस केली, मी नाही.

परत भाईंकडे आलो आणि म्हटलं, मला शिकवा. पश्चात्ताप वगैरे मोठे शब्द राहू देत. मला इंजिनियर म्हणून बघायचं होतं की चार मिलिमीटर येतात कुठून.

आता ऐका. आधी माती मळायची, आतली हवा काढायची. मग गोळा चाकावर आपटायचा आणि मध्यावर आणायचा. एवढंच. चाक फिरतंय, ओल्या हातांनी गोळा दाबायचा, तो थरथरायचा थांबला की मध्यावर आला. मला सात आठवडे लागले. मी जोर लावायचो, गोळा मलाच हलवायचा. भाई म्हणायचे, कोपर मांडीला टेकवा, हात हलवू नका, मातीला येऊ द्या. मध्यावर आली की अंगठ्यानं भोक पाडायचं, मग आतून एक बोट, बाहेरून एक बोट आणि भिंत वर ओढायची. बोटांचा दाब एका क्षणी किंचित कमी-जास्त झाला की भिंत तिथे जाड-पातळ होते. पातळ जागा लवकर वाळते, जाड उशिरा, आणि फरक जास्त झाला की तडा.

वाळताना आणि भाजताना मिळून माती आठवा भाग, कधी त्याहून थोडी कमी आकसते. म्हणजे ९५ मिलिमीटरचा कप हवा तर चाकावर तो १०८च्या आसपास हवा. मातीत पाणी किती होतं, मळताना किती मिसळलं, ऑक्टोबरची हवा की जुलैची, यावर आकसणं बदलतं. तुम्हीच सांगा, यात दोन मिलिमीटर म्हणजे काय मागत होतो मी?

आणि रंग. हे मला सगळ्यात शेवटी कळलं. त्या झिलईत राख आहे. राखेत चुना असतो. बाराशेच्या वर तो वाळूला, फेल्स्पारला वितळायला लावतो आणि काच होते. बाजारात तयार झिलई मिळते, दर वेळी एकच रंग देते. भाई ती वापरत नाहीत. ते राख आणतात वडिलांच्या आव्यातून. बाभळीच्या काटक्या, गोवऱ्या, लाकडाचा भुसा, त्या वर्षी जे स्वस्त मिळालं ते जळण. म्हणून प्रत्येक खेपेची राख वेगळी. शिवाय मातीत आणि राखेत थोडं लोखंड असतं. भट्टीत ज्वाळेला हवा कमी पडली की ती त्या लोखंडातला प्राणवायू ओढून घेते आणि रंग हिरवट राखाडी होतो. हवा भरपूर असली की मधाचा. एकाच भट्टीत, एकाच कपाच्या दोन बाजूंना हे दोन्ही होऊ शकतं. माझ्या अकरा नंबरच्या कपाचा कान बर्नरकडे होता, ज्वाळेत.

म्हणजे वडील ज्या आगीत गरबे भाजतात तिची राख मुलाच्या कपावर काच होऊन बसलेली. आणि मी तिच्यावर फुली मारली.

टॉलरन्स ही चांगली गोष्ट आहे, मी तिची चेष्टा करणार नाही. तोफेचा एक भाग जबलपूरला बनतो आणि लडाखमध्ये रात्री दोन वाजता एखादा जवान गोठलेल्या बोटांनी तो बसवतो. तिथे बसलाच पाहिजे, चार मिलिमीटर म्हणजे माणसाचा जीव. पण कप मला कशात बसवायचा होता? हातात. आणि आमच्या कोर्समध्ये एकाचे हात दुसऱ्यासारखे नाहीत. एकाचं तर एक बोटच नाही.

लोक मला विचारतात, मग हातानं केलेलं भांडं घेताना काही बघायचंच नाही का? बघायचं, जरूर बघायचं. सपाट टेबलावर ठेवून डुगडुगतं का पाहा. काठावरून बोट फिरवा, टोचलं तर नको. कान जिथे जोडलाय तिथे नखानं चाचपा. टिचकी मारा, भद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. आतल्या झिलईत टाचणीच्या टोकाएवढी भोकं नसावीत. शिसं वापरलंय का, हे सरळ विचारा. चांगला कुंभार रागावत नाही. तळाला झिलई नसते, मातीच दिसते, तो दोष नाही. तिथे झिलई असती तर कप भट्टीच्या फळीला चिकटला असता. एवढं बघून झालं की सांगितलेली किंमत द्या.

तुम्ही बडोद्यात नसाल, तरी शोधलंत तर सापडेल. पालमपूरजवळ अंद्रेट्टाला मातीकाम शिकवतात. पाँडिचेरीत १९७१ पासून गोल्डन ब्रिज पॉटरी आहे, तिथे शिकलेले कुंभार देशभर आहेत. उत्तर प्रदेशात खुर्जा आहे, पण तिथे कारखाना कुठला आणि हात कुठला हे डोळे उघडे ठेवून बघावं लागतं. आमच्याकडे मोरबी आहे, टाइल्सचं. ते वेगळं जग, त्याची गरज वेगळी. माझ्या बाथरूमला मोरबीच्याच टाइल्स आहेत आणि त्या सगळ्या सारख्या आहेत याचा मला आनंद आहे.

गेल्या वर्षीचं नवरात्र सांगतो आणि थांबतो. ऑगस्टपासून भाई वडिलांकडेच होते, बाहेरची एकही ऑर्डर घेतली नाही. मीही रोज सकाळी जायचो. गरबे मला येत नाहीत, ते काम वेगळंच आहे. चाकावर जाड भांडं काढायचं आणि मग आतून हात धरून बाहेरून लाकडी थापीनं ठोकत ठोकत ते फुगवायचं. म्हातारबाबांनी मला भोकं पाडायला बसवलं, बांबूच्या नळीनं. पहिल्या दिवशी मी भोकांमधलं अंतर मोजायला पट्टी घेतली. त्यांनी ती काढून बाजूला ठेवली, रागानं नाही, पोराच्या हातातली काडेपेटी काढतात तशी. मिलिटरीवाला साहेब मीच, हे त्यांना तोवर कोणीतरी सांगितलं असावं. कारण एकदा चहा पिताना म्हणाले, "तुम्ही परत केलेला माल मी पाहिला होता. दोन कपांचे कान खरंच खराब होते. पोरगं घाईत होतं." एवढंच बोलले.

ते चार हजार सातशे साठ अजून पाकिटात आहेत, माझ्या टेबलाच्या खणात. दोनदा शिकवणीच्या फीमध्ये मिसळून द्यायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा भाईंनी मोजून परत केले.

येत्या रविवारी भट्टी उघडायची आहे. माझ्या चार वाट्या वरच्या फळीवर आहेत. भाई म्हणतात, या खेपेला वरची फळी जरा जास्तच तापली होती. बघू काय निघतं.